बारा इंची बेस कॅबिनेट सीएनसी राउटरवर कापायचं आहे, सुरुवात कुठून करू?

चिपळूणच्या एका बेस गिटार वाजवणाऱ्या मित्राने विचारलं आहे: बारा इंची, ८ ओहमचा, ३०० वॅटचा ड्रायव्हर (खोक्यात बसवायचा स्पीकर) घेऊन ठेवला आहे. ओळखीच्या फर्निचरवाल्याकडे आठ बाय चारचा सीएनसी राउटर (संगणकावरच्या फाइलप्रमाणे लाकूड कापणारं मशीन) आहे, त्यावर तो जाळ्या आणि देवघरं कापतो. खोका स्वतःच करायचा आहे. एमडीएफ घेऊ की प्लाय? पोर्ट (खोक्यातली हवा आतबाहेर करायची वाट) किती लांब ठेवू? फाइल कशी देऊ? की मशीनच्या नादाला न लागता सरळ मिस्त्रीकडून करून घेऊ?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. चांगला मिस्त्री असा खोका सहज करतो आणि तो आवाजात कुठे कमी पडत नाही. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर असते. एखादी कड अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर त्या लहरीला काही फरक पडत नाही. मशीनचा उपयोग वेगळा आहे. फळ्या जोडायच्या खाचा एकसारख्या बसतात, आतला आधार नेमका बसतो, खोका आपोआप काटकोनात उभा राहतो आणि पुढच्या वर्षी दुसरा करायचा झाला तर तीच फाइल चालते. पण मशीन आपण काढलेली रेघ कापतं, ती चुकलेली असली तरीही. म्हणून खरं काम मशीनजवळ जाण्याआधीचं आहे: ड्रायव्हरचे आकडे, खोक्याचे लिटर आणि प्लायची खरी जाडी. ही तीन मोजमापं बरोबर असली की उरलेलं काम हातातलं आहे.

ड्रायव्हरच्या कागदावर एफएस (ड्रायव्हर मोकळ्या हवेत स्वतःहून किती हर्ट्झला थरथरतो), क्यूटीएस (ती थरथर किती लवकर विरते) आणि व्हीएएस (ड्रायव्हरच्या पडद्याइतकी लवचिक हवा किती लिटर) असे तीन आकडे असतात. खोक्याचं गणित या आकड्यांवरून करायची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ती पूर्णत्वाला नेली. त्याआधी खोके बरेचसे अंदाजाने आणि ठोकठाक करून होत. आता विनआयएसडीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये हे आकडे भरले की पाच मिनिटांत आलेख समोर येतो. ढोबळ नियम असा: क्यूटीएस ०.४ च्या आसपास किंवा खाली असेल तर पोर्टचा खोका, ०.५ च्या वर असेल तर बंद खोका. तुमच्या ड्रायव्हरचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत. बेस गिटारसाठीच्या बारा इंची ड्रायव्हरमध्ये एफएस ५० च्या आसपास आणि क्यूटीएस ०.३८ वगैरे नेहमी दिसतं, तेव्हा तसं धरून पुढचं उदाहरण देतो. आतली निव्वळ जागा ६० लिटर, ट्यूनिंग (ज्या स्वराला पोर्टमधली हवा सर्वांत जोरात हलते तो) ५० हर्ट्झ. तुमच्या कागदावर वेगळे आकडे असतील तर गणित त्यांच्यावर करा, माझ्या आकड्यांवर नको.

इथे तुम्हाला शंका येईल की बेस गिटारची सर्वांत जाड ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, मग ट्यूनिंग ५० वर का? त्या तारेच्या आवाजातला मोठा भाग ८२ हर्ट्झच्या दुसऱ्या हार्मोनिकमध्ये (मूळ स्वराच्या दुप्पट) असतो. कानाला जो भरदार ‘ई’ ऐकू येतो तो बराचसा तिथला. ट्यूनिंग ३५ वर ओढायला गेलात तर खोका फुगतो नाहीतर आवाज घटतो. लहान खोका, खोल बेस आणि मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. आणि हा खोका तुम्हाला लग्नाच्या हॉलचे जिने चढवून न्यायचा आहे.

आता लिटर. माझा पहिला खोका इथेच फसला. आतली लांबी-रुंदी-उंची गुणून ६० लिटर काढले आणि खूश होऊन कापायला दिलं. ड्रायव्हरचं मॅग्नेट, पोर्टच्या नळ्या आणि मधला आधार हे सगळं त्याच ६० लिटरमध्ये बसणार आहे, हे ध्यानातच आलं नाही. प्रत्यक्षात ५१ लिटर उरले आणि ट्यूनिंग ५० ऐवजी ५४ च्या पुढे गेलं. ऐकायला खोका वाईट नव्हता, पण खालच्या दोन-तीन स्वरांत जो पाया हवा तो नव्हता, आणि खोका फेविकॉलने कायमचा बंद झालेला. म्हणून हिशेब असा करा: हवेत ६० लिटर, ड्रायव्हर सुमारे ३ लिटर खातो, दोन नळ्या मिळून ४.७, आधार दीड. एकूण ६९.२. म्हणजे आतली मापं ४० बाय ४५ बाय ३८.५ सेंटिमीटर, साधारण ६९.३ लिटर. १८ मिमी फळ्यांनी बाहेरचा आकार ४३.६ बाय ४८.६ बाय ४२.१ होतो. सहाही फळ्या मिळून सव्वा चौरस मीटरच्या आत बसतात, म्हणजे अर्धी शीट आणि आधाराला थोडा तुकडा.

पोर्टसाठी मी प्लायची चपटी फट करत नाही, प्लंबिंगच्या दुकानातली ११० मिमीची पीव्हीसी नळी वापरतो. नळी करवतीने कापून कमी करता येते, चिकटवलेली फट नाही. या नळीचा आतला व्यास जाडीप्रमाणे बदलतो, माझ्याकडची १०४ मिमी निघते. तुमची व्हर्नियरने मोजा. लांबीचं सूत्र सोपं आहे. व्यास सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, त्याला नळ्यांच्या संख्येने आणि २३,५६२ ने गुणा. आलेल्या आकड्याला ट्यूनिंगच्या वर्गाने आणि निव्वळ लिटरने भागा. उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करा. १०.४ सेंमीच्या दोन नळ्या, ५० हर्ट्झ, ६० लिटर: ३४ वजा ७.६, म्हणजे २६.४ सेंमी. एकच नळी लावली तर लांबी दहाच्या आत येते आणि मोह होतो, पण ३०० वॅटवर तेवढ्या तोंडातून हवा फुसफुसते. नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या खाली ठेवायचा असा दंडक आहे. प्रोग्रॅम तो आकडाही दाखवतो, बघून घ्या. नळीच्या मागच्या तोंडापासून मागच्या फळीपर्यंत निदान नळीच्या व्यासाइतकं अंतर हवं. इथे जवळजवळ १४ सेंमी मिळतं.

एमडीएफ की प्लाय? तुमच्या बाबतीत मला शंकाच नाही, प्लाय. घरात एका जागी राहणाऱ्या सबवूफरला एमडीएफ उत्तम आहे: सपाट, आत पोकळी नाही, कापायला लोण्यासारखा. पण कोकणातल्या पावसाळ्यात त्याची कड एकदा भिजली की फुगते आणि परत बसत नाही, आणि कडेत घातलेला स्क्रू दोनदा काढला की तिसऱ्यांदा धरत नाही. वजनही जास्त. १८ मिमीची अख्खी शीट चाळीस किलोच्या आसपास भरते. कापताना उडणारी भुकटी इतकी बारीक की दोन दिवस नाकातून जात नाही, आणि तिच्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. एमडीएफ कापताना ऑपरेटरच्या शेजारी उभे राहणार असाल तर एन-९५ मास्क लावा, त्यालाही एक द्या.

प्लायमध्ये बर्च मिळाला आणि खिशाला परवडला तर प्रश्नच नाही, १८ मिमीत १३ थर असतात. नाहीतर आपल्याकडचा गर्जन फेसचा (वरचा थर गर्जनचा), आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा हार्डवुड प्लाय घ्या. दुकानात शीट आडवी करून बोटाच्या पेराने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टकटक करत जा. जिथे आवाज एकदम पोकळ येतो तिथे आतला थर जुळलेला नाही. अशी पोकळी खोक्यात आली तर एखाद्याच स्वराला खरखर ऐकू येते आणि ती कुठून येते हे शोधताना जीव जातो. चारही कडा बघा. दुकानदार थोडा वैतागेल, तरी बघाच.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती: प्लायची जाडी. १८ चा प्लाय १८ चा नसतो. माझ्या हातात १७.२ पासून १८.३ पर्यंतच्या शीट आलेल्या आहेत, आणि एकाच शीटच्या दोन टोकांत ०.३ चा फरक सर्रास असतो. शीट घरी आली की व्हर्नियरने आठ-दहा ठिकाणी मोजा आणि पेन्सिलीने तिथेच लिहा. ड्रॉइंगमध्ये जाडी एकाच जागी बदलता येईल असं ठेवा. फ्रीकॅड किंवा फ्यूजनसारख्या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये ती एका नावाने भरून ठेवली की आकडा बदलताच सगळ्या खाचा हलतात. ऑटोकॅडमध्ये रेघा हाताने काढल्या असतील तर प्रत्येक खाच हाताने बदलावी लागते आणि एक तरी राहतेच.

मोजल्यावरही थेट कापू नका. त्याच शीटच्या काठावरून हातभर तुकडा घ्या आणि त्यावर पाच खाचा पाडून घ्या: मोजलेली जाडी, मग त्याहून ०.१, ०.२, ०.३, ०.४ जास्त. दुसऱ्या तुकड्याची कड एकेका खाचेत बसवून बघा. जी खाच हातोडीशिवाय जात नाही ती नको, फेविकॉल लावल्यावर लाकूड फुगतं आणि ती अर्ध्यावर अडकते. जी बसवून तुकडा उलटा धरला की गळून पडतो ती पण नको. तळहाताच्या जोराने आत जाते, आणि उलटा धरला तरी लटकून राहते, ती खाच आपली. माझ्याकडे बहुतेक वेळा ०.२ वाली निघते, पण बिट (मशीनचं कापायचं टोक) झिजलेला असेल तर खाच मुळातच अरुंद पडते, म्हणून दर वेळी तुकडा कापतोच. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि या पंधरा मिनिटांनी माझ्या कितीतरी शीट वाचवल्या आहेत.

खाच ६ मिमी खोल पुरते. तुमचा मशीनवाला ६ मिमीचाच बिट लावत असेल, त्यामुळे प्रत्येक आतल्या कोपऱ्यात ३ मिमीची गोलाई राहणार. जिथे फळीचा चौकोनी कोपरा आत बसायचा आहे तिथे ड्रॉइंगमध्येच कोपऱ्याला छोटा गोल वाढवा. त्याला डॉग-बोन म्हणतात. नाहीतर पटाशी घेऊन कोपरे खरवडत बसावं लागेल. आधाराच्या खिडक्यांना मात्र गोल कोपरेच राहू द्या, ते जास्त मजबूत.

आधार म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण मशीनचा खरा फायदा इथे आहे. ४० बाय ४५ ची मोकळी फळी बेसला ढोलकीच्या पुडीसारखी थरथरते आणि नेमकी गिटारच्या मधल्या स्वरांच्या पट्टीत स्वतःचा आवाज मिसळते. म्हणून पुढच्या फळीच्या मागे साधारण १६ सेंमीवर, तिला समांतर, एक पूर्ण चौकट द्या. मधे मोठी खिडकी, खाली नळ्यांसाठी दोन भोकं. ही चौकट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे खाचेत बसते, चारही फळ्या एकमेकींना बांधते, नळ्यांना मागून टेकू देते आणि जोडताना गुण्याचं काम करते. चौकट काटकोनात कापलेली असेल तर खोका वाकडा होऊच शकत नाही. खिडकी अर्ध्याहून जास्त मोकळी ठेवा, आणि ड्रायव्हरचं मॅग्नेट तिच्यातून आरपार जातं का ते ड्रॉइंगमध्ये तपासा. चौकट बरोब्बर मधोमध नको, थोडी पुढे बरी, म्हणजे दोन्ही बाजूंचे भाग एकाच स्वराला थरथरत नाहीत. हातावर हे काम म्हणजे अर्धा दिवस, मशीनवर काही मिनिटं.

फाइल डीएक्सएफमध्ये द्या, एकक मिलिमीटर. आरपार कापायच्या रेघा एका लेयरवर, ६ मिमी खाचा दुसऱ्या, ड्रायव्हरच्या फ्लँजची (बाहेरच्या कडेची) बैठक तिसऱ्या लेयरवर, आणि लेयरच्या नावातच खोली लिहा. प्रत्येक आकार बंद पॉलिलाइन (सलग जोडलेली रेघ) हवा. एकावर एक दोन रेघा राहिल्या तर बिट त्याच वाटेने दोनदा जातो. शिवाय एक साधा कागद द्या, त्यावर प्रत्येक फळीचं नाव आणि बाहेरचं माप. ऑपरेटरदादा दिवसभर जाळ्या कापतो, त्याला खोक्याची कल्पना नसते, आणि कागद समोर असला की चूक त्याच्याच आधी लक्षात येते. पैसे तासावर ठरवा. जाळीचा चौरस फुटाचा दर या कामाला लागू होत नाही, मग दोघांनाही कुरकुर.

ड्रायव्हरच्या भोकाचं माप कागदावरून घेऊ नका, ड्रायव्हर उलटा ठेवून मोजा. कागद आणि वस्तू यांत दोन मिलिमीटरचा फरक मी पाहिला आहे.

कापताना ऑपरेटरला तीन गोष्टी सांगा. झेडचा (खोलीच्या मापाचा) शून्य शीटच्या वरून नको, बेडवरून घे, म्हणजे आरपार कापताना खालच्या फळीत पाव मिलिमीटरच जाईल आणि प्लाय कमीजास्त जाड असला तरी खाचेखाली उरणारी जाडी सारखी राहील. आधी खाचा आणि बैठका, मग भोकं, आणि बाहेरची कड सगळ्यांत शेवटी, टॅब (फळी शीटला धरून ठेवणारे न कापलेले छोटे तुकडे) ठेवून. फळी आधीच सुटी झाली तर पुढचं माप हललेलं येतं. आणि १८ मिमी एका दमात नको, ६-६ मिमीच्या तीन फेऱ्या. त्याच्याकडे कम्प्रेशन बिट (वरची आणि खालची पाती उलट दिशेची असलेला) असेल तर वरखाली दोन्ही कडा स्वच्छ येतात, पण त्या बिटची पहिली फेरी त्याच्या खालच्या उलट्या पात्याच्या लांबीपेक्षा खोल हवी, नाहीतर वरचा फेस उपटतो.

वेगाबद्दल: १८,००० आरपीएम, दोन पात्यांचा बिट आणि प्रत्येक पात्यामागे ०.१५ मिमी धरलं तर फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, मिनिटाला ५४०० मिमी येतो. मशीन हलकं असेल तर आरपीएम आणि फीड दोन्ही कमी करा, नुसता फीड नको. ओळखायची खूण सोपी आहे. बोटांना बारीक तुकडे लागले तर ठीक. पिठासारखा भुसा, कड काळी आणि जळका वास आला तर बिट घासतो आहे, कापत नाही.

जोडणी आधी कोरडी करून बघा. मग फेविकॉल मरीन, शिकंजे, आणि रात्रभर हात लावायचा नाही. शिकंजा आवळल्यावर सांध्यातून फेविकॉलचे मणी एका ओळीत बाहेर यायला हवेत. जिथे ओळ तुटली तिथे हवा जाणार. आतल्या सगळ्या सांध्यांत भुसा आणि फेविकॉलचा लगदा बोटाने फिरवा. मागची फळी सुटी ठेवू नका, ड्रायव्हरच्या भोकातून हात आत जातो तेवढा पुरतो. ड्रायव्हरला लाकडाचे स्क्रू नकोत, मागून टी-नट (लाकडात रुतणारा दातेरी नट) आणि एम५ किंवा एम६ चे बोल्ट, फ्लँजखाली फोमची पट्टी. मागच्या फळीवर आणि एका बाजूला रजईत घालतात तो पॉलिएस्टरचा थर चिकटवा, नळ्यांच्या तोंडासमोर नको. कनेक्टर स्पीकॉन (फिरवून अडकणारा) घ्या, कार्यक्रमात वायर पायात आली तरी सुटत नाही.

नळ्या सुरुवातीला २६.४ नाही, २८ सेंमी कापा आणि कायमच्या चिकटवू नका. नळी खालच्या आणि बाजूच्या फळीच्या जवळ असली की हिशेबापेक्षा लांब असल्यासारखी वागते, म्हणून खरं ट्यूनिंग कागदावरच्या आकड्यापेक्षा थोडं खाली निघतं. मोजायला लॅपटॉप, १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू हा फुकट प्रोग्रॅम पुरतो: इम्पिडन्सच्या (ड्रायव्हरचा विजेला होणारा विरोध) आलेखात दोन उंचवटे दिसतात, त्यांच्यामधला खड्डा म्हणजे ट्यूनिंग. ते जमत नसेल तर फोनवर टोन जनरेटर लावा, आवाज मध्यम ठेवा, आणि ६५ पासून एकेक हर्ट्झ खाली या. कोनकडे (ड्रायव्हरच्या पडद्याकडे) बघत राहा. एका जागी कोन जवळजवळ थांबतो आणि त्याच वेळी नळीच्या तोंडाशी धरलेल्या उदबत्तीचा धूर जोराने हलायला लागतो. तोच आकडा. तो ४८-४९ आला तर नळी पाच-पाच मिलिमीटर कापत ५० वर आणा. तीच उदबत्ती सगळ्या सांध्यांवरून आणि कनेक्टरभोवती फिरवा. धूर थरथरला की तिथे गळती आहे.

पाच तारांची गिटार असेल तर अँपमध्ये किंवा पेडलवर ४० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) जरूर लावा. ट्यूनिंगच्या खाली खोक्यातल्या हवेचा आधार सुटतो आणि ३१ हर्ट्झचा ‘बी’ जोरात मारला की कोन मोकाट पळतो, ३०० वॅटच्या आतच कॉइल आपटू शकते.

ट्यूनिंग बसलं की नळ्या चिकटवा, मग रंग. पण ड्रायव्हर शेवटचा बसवण्याआधी आतल्या फळीवर मार्करने निव्वळ लिटर, नळीची अंतिम लांबी, मोजलेलं ट्यूनिंग, प्लायची जाडी आणि खाचेचं माप लिहून ठेवा. दुसरा खोका कराल तेव्हा हेच आकडे लागतील.